मेनू परत गायब! एसएसआय लावलेल्या साइटवर ही अडचण पुन्हा पुन्हा का येते आणि ती कुठे शोधायची

साइट उघडते, मजकूर दिसतो, फोटो दिसतात. फक्त वरचा मेनू आणि खालचा पत्ता-फोन नाही. दुरुस्त करावं तर दोन महिन्यांनी तेच पुन्हा. ही किंवा अशीच तक्रार मी वर्षभरात पाच वेळा ऐकली, आणि बहुतेक वेळा कारण वेगळं निघालं. साध्या एचटीएमएल पानांवर नुकतंच एसएसआय (सर्व्हर साइड इन्क्लूड्स, म्हणजे एका फाइलमधला मजकूर सर्व्हरनेच सगळ्या पानांत जोडायची सोय) लावलं असेल किंवा लावायचा विचार असेल, तर माझा हा वर्षभराचा हिशेब कामी येईल.

काटोल रोडला काकाजींची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. त्यांची साइट मी नागपुरातून सांभाळतो. पानं ५२, सगळी हाताने लिहिलेली: जंबेरी आणि रंगपूर लाइम खुंटावरच्या कलमा, आंबिया आणि मृग बहाराची माहिती, दर, बुकिंग. काकाजींचा फोन नंबर बदलला तेव्हा मी तो एकेका पानात जाऊन बदलला आणि चार पानांत जुनाच राहिला. ती चार पानं नेमकी लागवडीची, पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्यात जास्त उघडली जाणारी. नरखेडकडचे एक शेतकरी तीन दिवस बंद नंबर फिरवत होते. शेवटी गाडी करून नर्सरीत आले. काकाजी मला काही बोलले नाहीत, पण मला ते फार लागलं. मेनू, पत्ता आणि दर एकाच जागी लिहायचे आणि सगळ्या पानांनी ते तिथूनच उचलायचे, असं मी त्याच रात्री ठरवलं.

एवढ्यासाठी वर्डप्रेस आणि डेटाबेस उभा करण्याची गरज नव्हती. एसएसआय ही १९९० च्या दशकातली सोय आहे, एनसीएसए या अमेरिकी संस्थेच्या सर्व्हरपासून चालत आलेली, आणि अपाची या वेब सर्व्हरमध्ये आजही आहे. पानात जिथे मेनू हवा तिथे एक ओळ लिहायची. पान पाठवण्याआधी सर्व्हर ती ओळ काढतो आणि तिच्या जागी दुसऱ्या फाइलमधला मजकूर बसवतो. ब्राउझरला यातलं काही कळत नाही, त्याला जोडलेलं अख्खं पान मिळतं. ती ओळ अशी:

<!--#इन्क्लूड व्हर्च्युअल="/भाग/मेनू.एचटीएमएल" -->

इथे मी सगळं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलं आहे. फाइलमध्ये शब्द इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे, चिन्हं आणि जागा मात्र वर आहेत तशाच ठेवायच्या. त्या जागांना फार महत्त्व आहे. उद्गारचिन्हानंतरच्या दोन रेघा आणि हॅश यांच्यात जागा नको. शेवटच्या दोन रेघांच्या आधी मात्र एक जागा हवीच.

आधी पान नाही, पानाचा सोर्स बघा

बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा. मेनू दिसत नाही म्हटल्यावर मी आधी थेट सर्व्हरच्या सेटिंगमध्ये हात घालायचो आणि चालू असलेलं काहीतरी बिघडवायचो. आता आधी कंट्रोल आणि यू दाबून पानाचा सोर्स उघडतो. मेनूच्या जागी तिथे काय आहे त्यावरून पुढची दिशा ठरते.

इन्क्लूडची ओळ जशीच्या तशी दिसत असेल, तर सर्व्हरने तिला हातच लावलेला नाही. रचनेने ती एचटीएमएलची टिप्पणी असल्याने ब्राउझर ती दाखवत नाही, म्हणून पान नुसतं रिकामं वाटतं. चौकटी कंसात ‘अ‍ॅन एरर ऑकर्ड व्हाइल प्रोसेसिंग धिस डिरेक्टिव्ह’ असं आलं असेल, तर एसएसआय चालू आहे, फक्त सांगितलेली फाइल त्याला मिळाली नाही किंवा ओळ समजली नाही. मेनूचा एचटीएमएल पूर्ण आलेला असेल आणि तरी लिंक किंवा चित्रं तुटलेली असतील, तर सर्व्हरने काम चोख केलं आहे, चूक मेनूच्या फाइलमधल्या पत्त्यांत आहे. आणि ओळही नाही, मेनूही नाही, असं असेल तर अपलोड करण्याआधीच कोणीतरी ती ओळ पुसली आहे.

ओळ जशीच्या तशी दिसते

सगळ्यात जास्त वेळा येणारं कारण हे, आणि याच्या पोटात बरीच उपकारणं आहेत.

काकाजींची मुलगी, म्हणजे ताई, दर आणि सूचना स्वतः बदलते. एका संध्याकाळी तिचा फोन आला, “भाऊ, मेनू परत उडाला ना! मी जुन्या फाइलमधून कॉपी करून टाकून दिला.” साइट बघतो तर प्रत्येक पानावर दोन-दोन मेनू. झालं असं होतं, की तिने लॅपटॉपवर फाइल डबल-क्लिक करून उघडली होती. अशी उघडलेली फाइल ब्राउझर थेट डिस्कवरून वाचतो. मधे सर्व्हर नसतोच, मग ती ओळ बदलणार कोण? एसएसआय लावलेलं पान घरी बघायचं तर एक्सॅम्पसारखा स्थानिक अपाची लागतो आणि पत्त्यात लोकलहोस्ट असावं लागतं. मी ताईच्या लॅपटॉपवर ते बसवून दिलं. दोष तिचा नव्हता. साइट बदलून दिली तेव्हाच मी हे सांगायला हवं होतं.

सर्व्हरवरच ओळ तशी दिसत असेल, तर डॉट एचटीअ‍ॅक्सेस या अपाचीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये या दोन ओळी आहेत का बघा:

ऑप्शन्स +इन्क्लूड्स
अ‍ॅडआउटपुटफिल्टर इन्क्लूड्स .एचटीएमएल

जुन्या माहितीत सगळीकडे पानांचं शेपूट एसएचटीएमएल करायला सांगितलेलं असतं. नवी साइट असेल तर खुशाल करा. चालू साइटवर मात्र त्याने प्रत्येक पानाचा पत्ता बदलतो. गुगलमधल्या लिंका, शेतकऱ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवलेल्या लिंका, सगळं तुटतं किंवा प्रत्येकाला ३०१ (नव्या पत्त्याकडे वळवणं) लावत बसावं लागतं. शिवाय मुखपृष्ठाची फाइल ठरवणाऱ्या डिरेक्टरीइंडेक्समध्ये नव्या नावाचं इंडेक्स पान सांगायचं राहिलं, तर मुखपृष्ठच उघडत नाही. मी वरच्यासारखं सगळ्या एचटीएमएल पानांनाच फिल्टर लावलं. सर्व्हरला प्रत्येक पान चाळावं लागतं म्हणून मोठ्या वर्दळीच्या साइटला हा सल्ला देत नाहीत. ५२ पानांच्या साइटला त्याचा फरक जाणवतही नाही.

हे करण्याआधी मी एक दुसरा रस्ता धरला होता, एक्सबिटहॅक. त्यात ज्या एचटीएमएल फाइलला चालवण्याची परवानगी दिलेली असते, तेवढीच अपाची चाळतो. नाव बदलायला नको, सगळी पानं चाळायला नकोत, म्हणून मला तो फार आवडला. पण माझी दुसरी आणि तिसरी तक्रार याच्यामुळेच आली. ताईने नवीन पान एफटीपीने चढवलं, की ते ६४४ परवानगीने चढायचं. चालवण्याची परवानगी नाही, म्हणजे मेनू नाही, आणि तेही फक्त त्या एकाच पानावर. बाकी ५१ पानं ठणठणीत असल्यामुळे मी दोन दिवस त्या पानाच्या एचटीएमएलमध्येच चूक शोधत बसलो. जुनी फाइल पुसून नवी चढवली तरी तसंच व्हायचं. एकच माणूस सगळं करत असेल तर हा रस्ता ठीक, दोन माणसांचा हात लागत असेल तर घेऊ नका.

दोन्ही ओळी आहेत, तरी काही नाही? मग सर्व्हर ती एचटीअ‍ॅक्सेस फाइल वाचतो तरी का, ते तपासा. रात्री वर्दळ नसताना तिच्यात मुद्दाम एक निरर्थक शब्द लिहा आणि पान ताजं करा. ५०० ची (सर्व्हर अडल्याची) चूक आली तर फाइल वाचली जाते आहे. तो शब्द लगेच काढा. काहीच झालं नाही, तर होस्टिंगवाल्याने अलाउओव्हरराइड (ती फाइल वापरायची मुभा) बंद ठेवलं आहे किंवा तुमचं पान अपाचीपर्यंत पोचतच नाही.

चौथ्या वेळी माझ्यासोबत हेच झालं. होस्टिंग कंपनीने साइट नव्या सर्व्हरवर हलवली आणि सकाळी काकाजींचा फोन, “काऊन रे बापू, आपला नंबरच दिसून नाही राहिला?” सगळ्या पानांच्या सोर्समध्ये ओळी उघड्या पडलेल्या. निरर्थक शब्द लिहिला, तरी एचटीएमएल पानं बिनबोभाट उघडत होती. त्याच फोल्डरमधल्या पीएचपी फाइलने मात्र लगेच ५०० दाखवलं. त्यावरून उलगडा झाला: नव्या सर्व्हरवर अपाचीच्या पुढे एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर बसवला होता आणि तो एचटीएमएल, चित्रं, सीएसएस स्वतःच परस्पर देत होता. एनजिनएक्सला एचटीअ‍ॅक्सेसशी काही देणंघेणं नसतं, आणि त्याचं स्वतःचं एसएसआय मुळात बंद असतं.

अशा वेळी ‘साइट चालत नाही’ असं तिकीट टाकून उपयोग नाही. उत्तर येतं की आमच्याकडे उघडते आहे. मी नेमकं लिहिलं: एचटीएमएल फाइली एनजिनएक्स थेट देतो आहे, त्या अपाचीकडे जाऊ द्या किंवा या डोमेनसाठी एनजिनएक्समध्ये ‘एसएसआय ऑन’ करा. तासाभरात काम झालं. दुसरा पर्याय घ्याल तर एक लक्षात ठेवा, एनजिनएक्सला मोजकेच आदेश येतात: इन्क्लूड, एको, सेट, कॉन्फिग, इफ आणि ब्लॉक. फाइल कधी बदलली ते सांगणारा एफलास्टमॉड आणि बाहेरचा प्रोग्राम चालवणारा एक्झेक तिथे नाहीत. माझ्या दरांच्या पानावर ‘दर शेवटचे बदलले’ ही तारीख एफलास्टमॉडनेच येते, म्हणून मी अपाचीचा रस्ता मागून घेतला.

तारखेचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. महिन्याचं नाव छापायला सांगितलं तर ते इंग्रजीत येतं, म्हणून तारखेचा साचा ठरवणारं टाइमएफएमटी आकड्यांतच ठेवा. सर्व्हर परदेशी वेळेवर असेल तर रात्री बारानंतर बदललेल्या दरावर आदल्या दिवसाची तारीख दिसते. दरावरून शेतकऱ्याशी वाद होतो तेव्हा तो एक दिवस फार महत्त्वाचा असतो.

एसएसआय जिवंत आहे की नाही हे झटकन कळायला मी एक छोटं पान सर्व्हरवर कायम ठेवलं आहे. त्यात एकच ओळ आहे:

<!--#एको व्हार="डेट_लोकल" -->

आत्ताची तारीख-वेळ दिसली की सर्व्हर ठीक आहे आणि चूक माझ्या पानात आहे. एवढ्या एका पानाने अर्धा वेळ वाचतो.

ते पान ठीक असेल आणि तरी एखाद्याच पानात ओळ उघडी दिसत असेल, तर त्या ओळीची चिन्हं भिंग लावल्यासारखी बघा. एडिटरमधली कोड नीटनेटका करणारी सोय कधीकधी हॅशच्या आधी जागा घालते. ओळ वर्डमधून आली असेल तर दोन रेघांची एक लांब रेघ झालेली असते. सर्व्हरला ती ओळ मग ओळखूच येत नाही आणि ब्राउझर ती तशीही लपवतो.

५०० ची चूक येऊन साइटच बंद पडली

एचटीअ‍ॅक्सेसमध्ये ओळी टाकल्याबरोबर हे झालं तर घाबरू नका, फाइलचं नाव बदला, साइट परत येईल. मग एरर लॉग (सर्व्हरच्या चुकांची नोंद) उघडा. ‘ऑप्शन्स नॉट अलाउड हिअर’ असं असेल तर परवानगी होस्टिंगवाल्याकडूनच घ्यावी लागेल. ऑप्शन्सच्या एकाच ओळीत काही शब्दांना अधिकचिन्ह आणि काहींना नाही, असं असलं तरी अपाची २.४ ती ओळ नाकारतो. आणि अधिकचिन्ह अजिबातच दिलं नाही, तर आधीच्या सगळ्या सवलती पुसून फक्त इन्क्लूड्स उरतं. त्यात सिमलिंकची सवलत गेली की रीराइटचे (पत्ते वळवणारे) नियम ४०३ (मनाई) द्यायला लागतात, आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो.

ऑप्शन्समध्ये साध्या इन्क्लूड्सऐवजी इन्क्लूड्सनोएक्झेक लिहिता आलं तर तेच लिहा. त्याने एक्झेक आदेश बंद होतो. मेनू आणि पत्ता जोडायला त्याची गरज नाही, आणि उद्या कोणी वाकड्या वाटेने पानात काही घुसवलंच तर तेवढं दार बंद राहतं.

एररचं वाक्य उमटतं

इथे एरर लॉग फाइलचं नाव घेऊन सांगतो, त्यामुळे शोध सोपा असतो. माझ्याकडे तीन गोष्टी निघाल्या.

पहिली, मोठी-छोटी अक्षरं. विंडोजवर मेनूच्या नावातलं पहिलं अक्षर मोठं असो की छोटं, फाइल एकच. लिनक्सवर त्या दोन वेगळ्या फाइली. ताईच्या लॅपटॉपवर पान चालायचं आणि सर्व्हरवर अडायचं ते यामुळे. आता आमचा नियम आहे, सगळी नावं छोट्या अक्षरांत.

दुसरी, ‘व्हर्च्युअल’च्या जागी ‘फाइल’ वापरणं. ‘फाइल’ने दिलेला पत्ता त्या पानाच्या फोल्डरपासून मोजला जातो. त्यात दोन टिंबं देऊन वरच्या फोल्डरमध्ये जाता येत नाही आणि तिरक्या रेघेने सुरुवातही करता येत नाही. मुखपृष्ठावर ते चालतं, लागवड फोल्डरमधल्या पानांवर एरर येते. डोळे मिटून ‘व्हर्च्युअल’ वापरा, पत्ता तिरक्या रेघेने सुरू करा. मात्र त्यात एचटीटीपीसकट दुसऱ्या साइटचा पत्ता चालत नाही.

तिसरी माझ्या अतिकाळजीमुळे झाली. मेनूची फाइल कोणी एकटी उघडू नये म्हणून मी तिच्या फोल्डरवर सगळ्यांना मनाई लावली. व्हर्च्युअल इन्क्लूड म्हणजे सर्व्हरने स्वतःलाच केलेली एक छोटी मागणी, तिलाही ती मनाई लागली आणि ५२ पानांवर एररचं वाक्य उमटलं. मनाई काढली. मेनूची फाइल कोणी एकटी उघडली तर उघडू दे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

ओळ व्हॉट्सअ‍ॅप किंवा वर्डमधून चिकटवली असेल तर अवतरणचिन्हं सरळ आहेत की वळलेली, तेही बघा. वळलेली चिन्हं सर्व्हर फाइलच्या नावातलीच अक्षरं समजतो. आणि चालू पानाला ठळक करण्यासाठी मेनूत इफची अट जुन्या माहितीवरून घेतली असेल, तर २०१२ मध्ये आलेल्या अपाची २.४ ने अटींची भाषा बदलली आहे. अट नव्याने लिहा किंवा एसएसआयलेगसीएक्सप्रपार्सर चालू करा.

मेनू येतो, पण मोडका

मुखपृष्ठावर सगळं छान, आतल्या पानांवर लोगो नाही आणि लिंका ४०४. मेनूमधले पत्ते ब्राउझर मेनूच्या फाइलपासून मोजत नाही. ज्या पानात मेनू बसला त्या पानापासून मोजतो. मेनू आणि तळाच्या फाइलमधला प्रत्येक पत्ता तिरक्या रेघेने सुरू करा, प्रश्न कायमचा मिटतो. त्यानंतर घरच्या एक्सॅम्पमध्ये साइट एखाद्या उपफोल्डरात ठेवून चालणार नाही, तिच्यासाठी व्हर्च्युअल होस्ट करावा लागेल. तेवढं करा.

मराठी साइटला याहून जास्त छळणारी गोष्ट आहे अक्षरांची. जोडलेल्या फाइलला स्वतःचं हेडर नसतं, तिचे बाइट जसेच्या तसे पानात पडतात. अक्षरं साठवायची पद्धत पानाची यूटीएफ-८ आणि तळाची फाइल नोटपॅडमध्ये अ‍ॅन्सी म्हणून सेव्ह केलेली असेल, तर मराठीची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती सेव्ह झाली की मूळ अक्षरं परत येत नाहीत. डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या इंग्रजी ए अक्षराची रांगच्या रांग दिसली, तर मात्र अक्षरं शाबूत आहेत, सर्व्हर चुकीचा कॅरसेट (अक्षरसंच) सांगतो आहे. एचटीअ‍ॅक्सेसमध्ये अ‍ॅडडिफॉल्टकॅरसेट यूटीएफ-८ लिहा.

आणि मेनूच्या वर एक पांढरी पट्टी दिसते, सीएसएसमध्ये कितीही शोधली तरी सापडत नाही? ती बॉम असते. जुनं नोटपॅड यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला तीन न दिसणारे बाइट लिहायचं. विंडोज १० च्या २०१९ मधल्या बदलानंतर ते आपणहून लिहीत नाही, पण जुन्या फाइलींत ते असतातच. जोडलेल्या फाइलमधून ते पानाच्या मधोमध येतात. हेडचा भाग असा जोडला असेल तर ब्राउझर हेड तिथेच संपवतो आणि उरलेलं सगळं बॉडीत ढकलतो. नोटपॅड प्लस प्लसमध्ये बॉम नसलेलं यूटीएफ-८ करून सेव्ह केलं, की पट्टी गेली.

बदल केला, पण जुनाच नंबर दिसतो

पाचवी तक्रार. तळाच्या फाइलमध्ये काकाजींचा दुसरा नंबर जोडला, मला दिसला, काहींना दिसेना. अपाची एसएसआय पानांसोबत साधारणपणे ‘शेवटचा बदल’ ही तारीख पाठवत नाही, कारण पान अनेक तुकड्यांचं असतं. पण माझ्या एचटीअ‍ॅक्सेसमध्ये एक्सबिटहॅक ‘फुल’ ही जुनी ओळ राहून गेली होती आणि जुन्या पानांना गटाची चालवण्याची परवानगी होती. ‘फुल’मध्ये सर्व्हर मुख्य पानाची तारीख पाठवतो, जोडलेल्या फाइलची नाही. पान बदललेलंच नाही असं समजून लोकांचे ब्राउझर साठवलेली प्रत दाखवत राहिले. म्हणजे नंबरच्या ज्या चुकीसाठी हा सगळा खटाटोप केला, तीच चूक मागच्या दाराने परत आली होती. ती ओळ काढली. पुढे पानांच्या प्रती साठवणारी एखादी कॅश सेवा लावली असेल तर तिथलीही साठवण रिकामी करावी लागते, आणि एकाच पानाची करून भागत नाही, तळाची फाइल जोडणाऱ्या सगळ्याच पानांची करावी लागते.

ओळही नाही आणि मेनूही नाही, हे मी एकदाच पाहिलं. पानं हलकी करण्याच्या साधनाने सगळ्या टिप्पण्या पुसल्या आणि त्यांत इन्क्लूडही गेले. अशी पानं शोधायला ग्रेपला (फाइलींत शब्द शोधणारा आदेश) मोठा एल देऊन इन्क्लूड शब्द शोधायला सांगा. ज्या फाइलींत तो शब्द नाही त्यांचीच यादी मिळते. मी ती आता प्रत्येक अपलोडनंतर चालवतो. पहिल्यांदा चालवली तेव्हा तीन नावं आली, तिन्ही लागवडीच्या फोल्डरमधली. त्यांत ताईने चिकटवलेला जुना मेनू अजून तसाच होता, जुन्या नंबरसकट.